बाबांच्या आवाजात

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुषमाला, तर मुळीच नाही. ताईला नाही. बाबांच्या फोटोला हार घालताना मनातल्या मनातसुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरंच ठाऊक नाही. सात वर्षं झाली. विषय तसा एका मांजरीचा आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? म्हणा. मीही स्वतःला हेच म्हणत आलोय.

बाबा लालबागच्या चाळीत एकटे राहायचे. आई गेलेली, ताई लग्न होऊन दादरला, आणि मी सरकारी नोकर म्हणून अँटॉप हिलच्या वसाहतीत. दर रविवारी मी जायचो. 'बरा आहेस?' 'बरा आहे.' 'ऑफिस?' 'चाललंय.' मग दोघंही टीव्हीकडे बघत बसायचो. भांडण नव्हतं हो — भांडायलासुद्धा काहीतरी बोलावं लागतं.

मग बाय आली. करडी, एका कानाला खाच पडलेली. गॅलरीतून आत शिरली आणि राहिली. बाय हे नाव बाबांचं. आमच्या मालवणात लेकीबाळींना लाडाने बाय म्हणतात, लहानपणी ताईच बाय होती. ताई हसून म्हणायची, माझी गादी मांजरीने घेतली. मला हसू यायचं नाही. मला कुठली गादी नव्हतीच.

आता एक सांगायला हवं. बाबा माझ्याशी कधी मालवणी बोलले नाहीत. आईशी बोलत, चाळीत बोलत, पण मुलगा शिकतोय, उद्या हापिसात बसेल, त्याच्या जिभेवर गावचं वळण नको — म्हणून माझ्याशी पुस्तकातलं मराठी. माझ्या भल्यासाठीच. मी मालवणी शिकलो ते कानावर पडून, आणि बोलायचो फक्त गावच्या चुलतभावाशी, फोनवर. आणि या मांजरीशी मात्र बाबा तासन्‌तास बोलायचे. 'खंय होतंस गो? जेवलंस?' मी व्हरांड्यातून येताना ऐकायचो. चपला काढायला दाराशी थांबलो की आतला आवाज थांबायचा. 'ये. बरा आहेस?'

दूध आणायला खाली उतरताना ते तिला सांगायचे, 'बस हय. इलंयच मी.' म्हणजे, इथे बस, आलोच. एवढं म्हटलं की ती उंबरठ्यावर बसायची, शेपूट पायांभोवती घेऊन, ते परत येईपर्यंत. चाळीत सगळ्यांना कौतुक. मांजर कधी कुणाचं ऐकतं का?

बाबांना चक्कर आली तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. बाय जिन्याच्या तोंडाशी आली आणि बाबा तिला म्हणाले, 'बस हय. इलंयच मी.' वाटेतच त्यांची शुद्ध गेली. पुढे तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते, पण शुद्धीवर आले नाहीत. म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं ते. मी हातभर अंतरावर होतो.

दहाव्याला आम्ही दादरच्या समुद्रावर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर रांगेने बसलेले, पण एक शिवेल तर शपथ. ताईने हात जोडून सांगितलं, बाबा, आम्ही भावंडं एकमेकांना धरून राहू. नाही. गावचा गणपती चुकवणार नाही, मी म्हणालो. नाही. खारी, चहा, सगळं मांडलेलं. गुरुजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा वळायला लागले. तेव्हा बाबांच्या शेजारच्या खोलीतल्या कोरगावकर मावशी मागून म्हणाल्या, 'त्या मांजराचा काय ता बोल रे.'

मी या गोष्टी मानत नाही. म्हणजे मानत नव्हतो. लोक बघत होते, ऊन चढलं होतं, म्हणून मोठ्याने म्हणालो, 'बाबा, बायला मी घरी नेतो. शेवटपर्यंत सांभाळतो.' वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. ताई ढसाढसा रडली. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मला काय वाटलं असेल? वाटलं — इथेसुद्धा तीच. माझ्यासाठी त्यांचं काहीच अडलं नव्हतं.

बायला घरी आणलं. सुषमाने हौसेने टबात वाळू भरली, बोंबील आणले. कुणाची तक्रार नव्हती, हे मुद्दाम सांगतो. बाय पलंगाखाली जी शिरली ती बाहेर येईना. दहा-बारा दिवसांनी गावाहून चुलतभावाचा फोन आला. मी बोलायला लागलो, 'होय रे, बरो आसंय,' आणि ती पलंगाखालून निघाली. पुढचे पाय माझ्या गुडघ्यावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मांडीत चढली आणि घुरघुरायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा आवाज बाबांचा आहे. मालवणी बोललो की हुबेहूब बाबांचा.

मला आनंद झाला. हे कबूल करतो, कारण पुढचं त्यामुळेच जास्त वाईट दिसतं. पाय बधिर होईस्तोवर मी हललो नाही. पुढचे चार-पाच दिवस मी मुद्दाम तिच्याशी मालवणीत बोललो. ती हाकेसरशी यायची. आणि रोज थोडं थोडं कळत गेलं, की ती माझ्याकडे येतच नाहीये. बाबांनी जे शब्द मला कधी दिले नाहीत ते मी तिला देतोय, आणि ती ते बाबांचे म्हणून घेतेय. राग आला. कुणाचा? तिचा? बाबांचा? मेलेल्या माणसाचा मत्सर करतात, तसा मांजरीचा करतात का? मला अजून उलगडत नाही.

एका सकाळी सुषमा कामावर गेल्यावर मी प्रवासाची पिशवी उघडून म्हटलं, 'ये गो.' ती आपण होऊन आत बसली. टॅक्सीने तिला शीव कोळीवाड्यात नेलं. मासळी मांडली जात होती. इथे उपाशी मरणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तिला तिथे सोडलं.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी काढली. संध्याकाळी सुषमाने ती उघडी खिडकी पाहिली आणि बायला शोधत घरभर फिरली. म्हणाली, माझ्याच हातून राहिली असणार. आणि मी तिला म्हणालो, 'जाऊ दे, होतं असं कधी कधी.' न केलेल्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. दोन संध्याकाळ आम्ही वसाहतीत 'बाय, बाय' करत हिंडलो. मीसुद्धा हाका मारल्या.

मांजर आपल्या घरी परत येतं म्हणून कोरगावकर मावशी कितीतरी महिने बाबांच्या बंद दारापाशी वाटीत दूध ठेवत होत्या. सुषमा आजही बाहेर पडताना जिन्यावरून परत येते आणि ती कडी दुसऱ्यांदा बघते. मी खाली तिची वाट बघत उभा राहतो. चुलतभावाशी मी आता पुस्तकातलं मराठी बोलतो. तो म्हणतो, साहेब झालास रे तू. आणि दर वर्षी पितृपक्षात मी गच्चीवर पान ठेवतो, तर कावळा लगेच येतो. लगेच. एकदा जरी तो रुसून बसला असता तर मला काहीतरी कळलं असतं.

एक राहिलं. वर मी 'तिथे सोडलं' असं लिहून पुढे गेलो. ते तितकं सोपं झालं नव्हतं. पिशवी उघडली तर ती बाहेर आली आणि माझ्या मागे चालायला लागली. मी भराभर चाललो, तीही. टोपल्यांमधून, पाण्यातून, माझ्या पायात पाय. मासळीकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा मी थांबलो, वळलो, आणि बाबांच्या आवाजात म्हणालो, 'बस हय. इलंयच मी.'

ती बसली. शेपूट पायांभोवती घेऊन, माझ्याकडे बघत. रस्त्याच्या वळणावरून मी एकदा मागे पाहिलं, तेव्हाही ती तिथेच बसलेली होती.