ईश्वरदास मार्करनं जिंकलेली फायनल

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या क्लबात एक नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण पाळला मात्र सगळ्यांत कडक जायचा: मार्करनं हरायचं. मार्कर म्हणजे क्लबानं पगारावर ठेवलेला टेनिसचा उस्ताद. पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि ज्या मेंबरचा जोडीदार आला नसेल त्याच्याशी जिवाच्या आकांतानं खेळून शेवटी चार-सहानं हरायचं. शून्य-सहानं हरलं तर मेंबरला संशय येतो. पाच-सातनं हरलं तर त्याची छाती धपापते. चार-सहा हे कसं, घरी सांगण्यासारखं.

तांडापेठेतल्या ईश्वरदास धकातेला ही विद्या अशी काही साधली होती की विचारू नका. बाप हातमागावर, ईश्वरदासनंही पोरवयात धोटा फेकलेला, मनगट तिथंच तयार झालं. रेघेबाहेर बरोबर दोन बोटं चेंडू टाकावा तो त्यानंच, आणि वर 'अरे देवा' म्हणून कपाळाला हात लावावा तोही त्यानंच. हरताना त्याचा चेहरा इतका दुःखी व्हायचा की एका जज्जसाहेबांनी एकदा त्याला सरबत पाजलं होतं.

आता ह्यातून भानगड कशी झाली ते ऐका.

त्रेसष्ट साली देवराव नावाचे जंगल खात्यातून रिटायर झालेले साहेब एका सकाळी नेटजवळ आले नि म्हणाले, "ईश्वर, तू मुद्दाम हरून राहिला का गा? आज खरं खेळ. हुकूम आहे माझा."

हुकूम म्हटल्यावर ईश्वरदास खरं खेळला. सहा-एक. देवराव नाराज झाले नाहीत. उलट पाठ थोपटली, घरी गेले, झणझणीत सावजी मटण पोटभर हाणलं आणि दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मटणावर कोणी आळ घेतला नाही.

एकोणसत्तर साली बाबनराव ठेकेदारांनी तीच फर्माईश केली. "भुताखेताले भेणारा माणूस नाही मी!" तेही हरले. आठव्या दिवशी कामठी रोडवर कोळशाच्या ट्रकखाली गेले. मागं वळून गप्पा मारत मोटारसायकल चालवायची त्यांची खोड अख्ख्या सदर भागाला माहीत होती. पण माहीत असलेली गोष्ट सांगण्यात काय मजा? लोकांनी दुसरीच सांगितली: मार्कर ज्याले हरवते, तो जाते.

ईश्वरदास चारचौघांत हसायचा. एक गोष्ट मात्र त्यानं फक्त बायकोला, मैनाबाईला सांगितली होती. दोन्ही वेळी शेवटचा चेंडू त्याच्या रॅकेटवरून गेला तेव्हा आवाज झाला नव्हता. चेंडू लागल्याचं हाताला कळलं, पलीकडं धूळ उडालेली दिसली, पण कानाला काही नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाणी वाजूच नये, तसं.

क्लबात त्याच्याशी खेळणारे राहिले, पण तीन-तीन गेम झाले की एकेकाला ऑफिस आठवू लागलं.

आणि अशात बहात्तर साल उजाडलं. तोवर मार्कर हा धंदेवाईक म्हणून त्याला स्पर्धेत मज्जाव असायचा. बाहेरच्या देशांत नियम सैल झाले, ते वारं फिरत फिरत नागपूरलाही पोचलं, आणि क्लबाच्या स्पर्धेच्या फॉर्मवर ईश्वरदासचं नाव चढलं. वय एकेचाळीस. वीस वर्षं हा माणूस पोटासाठी हरला होता. एकदा, फक्त एकदा, गावासमोर आपला खरा खेळ दाखवावा, एवढंच त्याच्या मनात होतं. मैनाबाईनं त्याचा पांढरा शर्ट निळीत बुडवून उन्हात टाकला.

पहिल्या फेरीत खापरखेड्याच्या वीज केंद्रातले एक इंजिनिअर होते. त्यांचं पोट बिघडलं. दुसऱ्या फेरीतल्या वकिलांची रामटेकची मावशी अचानक अत्यवस्थ झाली. मावशी त्यानंतर तीन वर्षं अत्यवस्थ होती. तिसरा गडी कॉलेजचा चॅम्पियन. चार-एकनं पुढं होता. ईश्वरदासनं चार-चार केलं, आणि पोराच्या पायात असा गोळा आला की दोघांनी उचलून नेला. सायकलवर बसून एकटाच घरी जाताना त्याला लोकांनी पाहिलं.

अशा रीतीनं एकही सामना न संपवता ईश्वरदास फायनलला गेला. समोर होते अजनीच्या रेल्वे लोकोशेडमधले गणपतराव. उंच, हसरा, तोंडाळ माणूस. पानठेल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, "मी मराले तयार आहो. हराले नाही."

फायनलच्या आदल्या दुपारी त्यांची बायको सिंधूताई तांडापेठेत विचारत विचारत आली. हातात नारळ. मैनाबाईनं पाट दिला, तो तिनं घेतला नाही.

"भाऊ, त्याईले हे काही सांगू नका. पण तुमाले तर रोज हराची सवय आहे. उद्या एक दिवस माह्यासाठी हरा."

ईश्वरदासनं नारळ हातात घेतला. मग म्हणाला, "बरं."

ती गेल्यावर मैनाबाई माग थांबवून बोलली, "त्या मेलेल्या दोघाईचं खरं वाटते का तुमाले?"

"नाही वं."

"मंग बरं काहून म्हटलं?"

त्यानं नारळ देवापुढं नेऊन ठेवला.

फायनलला माणसं झाडांवर चढून बसली होती. मयताला जमतात तशी जमली होती म्हणा ना: कुजबुज होती, टाळी नव्हती. ईश्वरदास शब्दाला जागत होता. चेंडू दोन बोटं बाहेर, दोन बोटं नेटात. पहिला सेट गेला. दुसऱ्यात चार-पाच झालं तेव्हा बाजू बदलताना गणपतराव त्याच्याशेजारी थांबले.

"माही बायको आली होती ना तुमच्याकडे?"

ईश्वरदास रॅकेटच्या तारा सरळ करू लागला.

"मले समजलं. बाप्पा, जिवावर उदार होऊन आलो मी इथं, अन् तुमी मले भीक देऊन राहिले? खेळा ना गा. एक डाव तरी खेळा माह्यासंगं."

आणि ईश्वरदास खेळला. त्या दिवशी ज्यांनी पाहिलं ते अजून म्हणतात, असं टेनिस नागपुरात झालं नाही. गणपतरावही काही कमी नव्हते. पण त्या मनगटापुढं कोणाचंच चाललं नसतं. दुसरा सेट गेला, तिसरा जाऊ लागला. जसजसा तो जिंकू लागला तसतसं मैदान गार पडत गेलं. झाडावरचे लोक एकेक करून खाली उतरले. शेवटचा चेंडू त्यानं बॅकहँडनं रेघेवर टाकला.

आवाज झाला नाही.

नेटवर हात मिळवताना गणपतराव हसत होते. "आता सांगा, किती दिवस?" हात बर्फासारखा होता, की आपलाच तसा होता, हे ईश्वरदासला पुढं कधी ठरवता आलं नाही. कप मिळाला. फोटोही निघाला, त्यात सगळे त्याच्यापासून हातभर दूर उभे आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याची सायकल अजनीत गणपतरावांच्या घरासमोर उभी. गणपतराव फाटकाशी दातण करत होते.

"आहो मी," ते म्हणाले. "या, चहा घ्या."

ईश्वरदासनं मान हलवली आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशीही आला. आठवड्यानंही. उतरायचा नाही, एक पाय जमिनीवर टेकायचा, माणूस उभा आहे एवढं पाहायचा आणि क्लबाकडं सायकल वळवायचा. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या फॉर्मवर 'फक्त मेंबरांसाठी' असं छापून आलं, आणि तो पुन्हा चार-सहानं हरू लागला. पण अजनीची फेरी चुकली नाही. पाऊस, मेची लाही, पोरीचं लग्न, काही असो.

पहिली वर्षं गणपतराव ह्याची नक्कल करून मित्रांना हसवायचे. मग हसणं कमी झालं. पाचव्या-सहाव्या वर्षी तेच पाचला उठून फाटकाशी येऊन उभे राहू लागले. सायकल यायला दहा मिनिटं उशीर झाला तर बनियन घामानं भिजायचं. बाहेरगावी मुक्काम करणं सुटलं. वर्ध्याला सख्ख्या भाच्याच्या लग्नात अक्षता टाकून रात्रीच परतले. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. खिडकीत सिंधूताई उभी असायची. शब्द मोडलेल्या माणसाकडं ती एकटक पाहायची, आणि सायकल वळली की पडदा ओढायची.

अशी पंधरा वर्षं गेली. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका पहाटे गणपतराव फाटकाबाहेर आले, सायकलच्या हँडलवर हात ठेवला.

"धकाते, उद्या येऊ नका."

"काहून?"

"म्हातारे झालो गा दोघंही. एक दिवस पाहू तर, काय होते." आणि कित्येक वर्षांनी ते मोकळं हसले. "कदाचित काहीच नाही होत."

दुसऱ्या दिवशी ईश्वरदास गेला नाही. साडेपाचला अंगणात बसून राहिला, हात मांडीखाली दाबून. सहा वाजले, काही झालं नाही. सात वाजता तर त्याला हसूच आलं, आणि मैनाबाईला त्यानं चहा मागितला.

नवाच्या सुमारास क्लबात बातमी आली.

गाव काय म्हणालं? म्हणालं, पाहा, हरला तो गेलाच! पंधरा वर्षं लागली, एवढं काय ते. 

तेराव्याला ईश्वरदास अजनीत त्यांच्या घरी गेला. लोकांनी वाट दिली, जरा जास्तच रुंद. सिंधूताई भिंतीला टेकून बसली होती. ती शिव्या देईल, हाकलून देईल अशी तयारी करूनच तो आला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं,

"त्या दिवशी तुमी काहून नाही आले, भाऊ?"

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"पाचपासून उभे होते. मी म्हटलं घरात या, तर म्हणे, येईल तो. साडेसहा झाले, तरी रस्त्याकडंच पाहून राहिले होते. मंग फाटकाले धरूनच खाली बसले. पंधरा वर्षं तुमी पाहून जात होते म्हणून मले धीर होता. तुमी पाहून गेले की दिवस जायचा."

आता खरं सांगायचं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण मेलेल्या माणसानं बायकोपासून लपवलेली गोष्ट त्याच्या तेराव्याला तिला कशी सांगावी? ईश्वरदास म्हणाला,

"सायकल पंक्चर होती."



"मंग पायी याचं होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच मैनाबाईला कडी वाजल्याचं ऐकू आलं. ती दारात आली. "आता कोणाले पाहाले चालले? कोण आहे तिथं?"

"ती आहे ना वं," ईश्वरदास म्हणाला.

सायकल त्यानं अंगणात आणली होती. तिच्या हँडलवर हात ठेवून तो क्षणभर उभा राहिला. मग ती भिंतीला टेकवली आणि अजनीच्या रस्त्याला पायीच लागला.