लाल कुठला, हिरवा कुठला

सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत, माझ्या दारासमोर, एक रंगारी कोरीव लाकडी पाट्या रंगवतो. अक्षरांना एक रंग, मागच्या लाकडाला दुसरा. रोज बघते, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही.

त्याच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंगाचं नाव लिहिलेलं असतं. पांढऱ्यावरसुद्धा 'पांढरा'. मला वाटायचं, माणूस जरा खुळा आहे.

परवा एका गिऱ्हाइकाला लाल पाटीवर हिरवी अक्षरं हवी होती.

"दिसायची न्हाईत, साहेब," हा म्हणाला.

"आंधळा हायस काय? मला तर दिसत्यात. ह्यातला लाल दाखव बघू!" गिऱ्हाइकानं दोन उघडे डबे पुढं सरकवले.

झाकणं उपडी पडली होती. हा नुसता ब्रश पुसत राहिला. डब्याकडं बोट काही करेना. तेव्हा कुठं मला उमगलं. रंगाऱ्याला रंग कळत नाही, हे गावभर झालं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

मी उठून गेले. "आंधळा कुणाला म्हणतोस रं? डावीकडला लाल मला म्हातारीलाबी दिसतोय. त्याचा येळ खाऊ नगंस, कामाचं बोल."

गिऱ्हाईक वरमलं आणि पिवळ्या अक्षरांवर राजी होऊन गेलं.

"जल्मापासून व्हय रं?" मी विचारलं.

"व्हय, मावशी."

"मग ह्योच धंदा कशाला धरलास?"

"मला दिसलेलं अक्षर कुणालाबी दिसतंय की," तो म्हणाला, आणि झाकणं सुलटी करायला बसला.