बंद यादीतली चांदणी

पंधरा-वीस केंद्रांतल्या संगणकांवर कुणी काय उघडायचं आणि काय नाही, हे त्या वर्षी मी ठरवत होतो. हुद्दा कंत्राटी, बसायला ब्रह्मपुरीच्या कचेरीत जिन्याखालची खोली, आणि अधिकार मात्र असा की जिल्हाधिकाऱ्यालाही हेवा वाटावा. अशानं माणूस बिघडतो. मी तर आनंदानं बिघडलो.

आमची संस्था गडचिरोलीच्या आडगावांत संगणक केंद्रं चालवते. एक मशीन, एक प्रिंटर, सांभाळायला गावातलंच कुणीतरी. लोक दाखले, निकाल, प्रवेशाचे फॉर्म यासाठी येतात. सगळं बरं चाललं होतं. मग साहेब पाहुण्यांना घेऊन एका केंद्रावर गेले. पडद्यावर संस्थेच्या कार्याची चित्रं दाखवत असताना उजव्या कोपऱ्यातून एक चौकट वर सरकली. टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात. साहेबांच्या डोक्यावर केस नाहीत. पाहुणे सभ्य होते, हसले नाहीत, आणि तेच साहेबांना जास्त लागलं.

परत येऊन ते मला म्हणाले, "सगळं बंद कर."

ब्राउझरला वरून नियम घालून देता येतात, त्याला पॉलिसी म्हणतात. एकदा घातली की समोर बसलेल्या माणसाला ती बदलता येत नाही. सेटिंगचं बटण दिसतं, पण करडं पडलेलं, दाबत बसा. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहून येतं की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. बंद करायच्या साइटींची एक यादी असते आणि चालू ठेवायच्या साइटींची दुसरी. बंद यादीत एकेक नाव लिहायचा कंटाळा आला तर नुसती एक चांदणी टाकायची, कीबोर्डावर आठच्या डोक्यावर असते ती. चांदणी म्हणजे सगळं जग बंद. मग चालू यादीत जेवढं लिहाल तेवढंच उघडतं.

मी चांदणी टाकली. चालू यादी साहेबांनी खुर्चीत मागे रेलून सांगितली. सरकारी फॉर्मच्या साइट्स, निकालाची साइट, हवामानाची एक, आणि साहेबांचं भाषण असलेलं संस्थेचं पान. केंद्रावर रोज बसणाऱ्या एकाही माणसाला विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. वर मी माझ्याकडून भर घातली. दोन्ही ब्राउझरांना तोच लगाम लावला, डाऊनलोड बंद केलं, आणि दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर धोकादायक म्हणून काढून टाकलं. इतकं चोख काम मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेन. उन्हाळ्यात मोटरसायकलवरून एकेक केंद्र पालथं घालत पेन ड्राइव्हनं हे सगळं मशीनमध्ये कोंबलं.

भामरागडच्या बाजूला, नदीपलीकडे, एका केंद्रावर एक बाई होत्या. त्यांचा मला रोज फोन यायचा. कधी प्रिंटर, कधी निकाल, कधी दाखला. त्यांचे प्रश्न मूर्खपणाचे असते तर मी सहन केले असते. पण ते बहुतेकदा बरोबर असायचे, आणि माझा संताप व्हायचा तो त्यामुळेच. मी त्यांच्या मशीनवर पॉलिसी घालत होतो तेव्हा त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"हे काऊन बंद करता, भाऊ? हे तर आमाले लागते."

"वरून आदेश आहे."

"वरून म्हणजे कोण? इथी तर लिवलं हाय, संस्था सांभाळते. संस्था म्हणजे तुमीच ना?"

उन्हात दिवसभर गाडी हाकून माझं डोकं आधीच तापलेलं होतं. नियम बदलायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो; बाकीच्या मशीनांना मी त्यासाठी गावांची नावं दिली होती. या मशीनला रागाच्या भरात दिला: baigapbasa123. बाई गप बसा. पडद्यावर ठिपकेच उमटतात, त्यामुळे मागे उभ्या बाईंना काही कळलं नाही. निदान 'बस' नाही, 'बसा' म्हटलं, असं मी स्वतःला समजावलं आणि त्यांच्या हातचा चहा पिऊन निघालो. चहा चांगला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

पावसाळ्यात एका दुपारी फोन आला. बाईंचा आवाज नेहमीपेक्षा घाईचा होता.

"भाऊ, नर्सिंगचा फारम भरून राह्यलो. सगळं भरलं. फोटो टाकाची खिडकीच उघडून नाई राह्यली. बंद हाय म्हणते, संस्थेनं केलं म्हणते."

माझ्या लक्षात आलं. फॉर्मची साइट चालू यादीत होती. पण फोटो आणि मार्कशीट चढवायला ती दुसऱ्याच साइटची खिडकी उघडायची, आणि त्या साइटचं नाव ना साहेबांना ठाऊक ना मला. बाईंना ठाऊक असणार, दरवर्षी त्याच भरून देत होत्या.

"मुदत कधीची आहे?"

"आजची. पाच वाजेपर्यंत. दोन नाले पार करून आली पोरगी. सायन्सले पास झालेली त्यांच्या गावातली पहिलीच हाय."

"आलापल्लीला जाऊन भरता येणार नाही का?"

"पर्लकोटा नदीच्या पुलावरून पानी चाललं हाय, भाऊ. पोहत पाठवू का तिले?"

तीन वाजून गेले होते. केंद्राचं इंटरनेट छतावरच्या सॅटेलाइटच्या छत्रीवर चालायचं, ते त्या दिवशी कसंबसं सुरू होतं. मोबाइलला मात्र नुसतं बोलण्यापुरतं नेटवर्क, आणि तेही केंद्राच्या ओट्यावर डावीकडच्या पायरीशी उभं राहिलं तरच. मशीन आत. म्हणजे मी बाईंना सांगायचं, बाईंनी ओट्यावरून ओरडायचं, आणि आत बसलेल्या पोरीनं टाइप करायचं. पावसात अडकलेली माणसं ओट्यावर बसलेली. सगळा कारभार चव्हाट्यावर.

उपाय एकच होता. अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून नियमांचा पूर्ण फोल्डर उडवणं. पाच मिनिटांचं काम.

"पासवर्ड सांगा, भाऊ."

मी म्हणालो, "थांबा, वहीत आहे. बघतो."

वहीत काही नव्हतं. वहीच नव्हती. मी जिन्याखाली बसून घाम पुसत होतो. आधी त्यांना मशीन बंद करून चालू करायला लावलं, त्यानं काहीही होणार नाही हे माहीत असताना. मग दुसरा ब्राउझर उघडायला लावला, ज्यालाही मीच लगाम लावला होता. मग पासवर्ड मेसेजनं पाठवला आणि म्हणालो, आला का बघा. तिथं मेसेज दुसऱ्या दिवशी पोहोचला तर नशीब. अशी वीस-पंचवीस मिनिटं मी माझी अब्रू वाचवण्यात घालवली. बाई प्रत्येक वेळी आत ओरडून सांगत होत्या, पोरगी करत होती, आणि काही होत नव्हतं.

मग फोन तुटला.

मी लावत राहिलो, लागेना. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तेव्हा मात्र मी घाबरलो. दोन नाले ओलांडून आलेल्या पोरीचं वर्ष जाणार होतं, आणि कारण काय, तर एका कंत्राटी शहाण्यानं मे महिन्यात चिडून काय टाइप केलं ते त्याला तोंडानं सांगवत नव्हतं. अकराव्या की बाराव्या वेळी फोन लागला तेव्हा सव्वाचार वाजले होते.

"लिहून घ्या," मी म्हणालो. "सगळी लहान अक्षरं. बी."

"बी!" बाई आत ओरडल्या. आतून बारीक आवाज आला, बी.

"ए. आय."

"ए! आय!"

"जी. ए. पी."

"जी! ए! पी!" ओट्यावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "पुढं सांगा, भाऊ."

"बी. ए. एस. ए."

त्यांनी ती चारही अक्षरं एकाच मोजलेल्या आवाजात आत पोचवली. तोवर ओट्यावरची मंडळी उघड हसू लागली होती. एक म्हातारा आवाज दुसऱ्या कुणाला जोडून दाखवत होता, बाई, गप, बसा.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"पुढे एक दोन तीन."

"एवढंच ना? मले वाटलं काई कठीण असन."

मी काहीतरी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. आता काय उडवाचं ते सांगा." त्या पोरीशी तिच्या माडिया भाषेत बोलल्या, पोरीनं शोधून काढलं, आम्ही फोल्डर उडवला, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. फोन परत तुटला. पाचला सात मिनिटं कमी असताना त्यांचा आला.

"गेला फारम. नंबर आला." आणि ठेवून दिला.

चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या दिवसानंतर त्यांचा फोन येणंच बंद झालं. प्रिंटर नाही, निकाल नाही, काही नाही. रोज या फोनवर चरफडणारा मी आता फोनकडे बघत बसायचो.

दिवाळीनंतर रस्ते सुकले तेव्हा मी नव्या प्रिंटरचं निमित्त काढून गेलो. ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं सरकून जागा केली. "या भाऊ, बसा. गप नाई, बोलत बसले तरी चालते." बाकीचे खाली बघत विड्या वळत होते, खांदे हलत होते.

आत मशीन नीट चाललं होतं. बाईंनी पॉलिसी परत घातली होती, उडवलेली माझीच फाइल मशीनच्या कचरापेटीतून काढून. जाहिरातींच्या चौकटी बंद ठेवल्या होत्या, पैसे लावून खेळायची रमी बंद होती. चांदणी खोडून टाकली होती, साहेबांचं भाषणही. भिंतीवर त्यांच्या अक्षरात एक कागद होता: कुठल्या फॉर्मला कुठली साइट लागते, त्यामागे कुठली दुसरी उघडते, कुठल्या महिन्यात गर्दी असते. साहेबांनी आणि मी मिळून केलेल्या यादीच्या तिप्पट मोठा.

"ती पोरगी?" मी विचारलं.

"चंद्रपूरले हाय. पांढरे कपडे घालून फोटो पाठवला तिनं."

मला खरंच हायसं वाटलं. मग प्रिंटर जोडायला बसलो. मशीननं अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला. मी जुना टाकला. चुकीचा, म्हणालं. मी मागे वळलो.

"बदलला," बाई म्हणाल्या. "सांगतो मी. लिवा. सगळी लहान." आणि दाराकडे तोंड करून, ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक अक्षर सांगू लागल्या. "ए. ए. डी. एच. आय."

मी एकेक दाबत गेलो.

"व्ही. आय. सी. एच. ए. आर. ए."

बाहेर कुणी हसलं नाही. मी मनात अक्षरं जोडली: आधी विचारा.

"पुढे एक दोन तीन?"

"नाई. एवढंच."

मी एंटर दाबलं. मशीन उघडलं. हात कीबोर्डावरून काढून घेतले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवून विचारलं, "बाई, प्रिंटर कुठी ठेवू?"