मिचक्याचा फोटो

स्टुडिओवाल्याच्या पोराला कॅमेऱ्यासमोर डोळे उघडे ठेवता येत नाहीत, ही त्या घरातली सगळ्यात जुनी थट्टा. वर्गाच्या फोटोत डोळे मिटलेला एकच पोरगा असायचा, तो हाच. त्यावरून त्याचं नाव मिचक्या पडलं आणि इतकं चिकटलं की मास्तरही तेच घ्यायचे. बाप दिवसभर गिऱ्हाइकांना 'हनुवटी वर, खांदे सैल' करत बसायचा. घरच्या पोराने मात्र त्याच्या नाकी नऊ आणले होते.

"अरे, वाघ आलाय का समोर?" बाप ओरडायचा.

"वाघ परवडला, बाबा!" म्हणून हा पसार.

तसाच वाढला. पायाला भिंगरी, तोंडात शीळ. दुकानात बसवलं तर गिऱ्हाइकांना असा हसवायचा की पासपोर्टचे फोटो वाया जायचे. आईला मदत म्हणून भांडी घासायचा आणि हमखास एखादा कप फोडायचा. फौजेत निघाला तेव्हा बाप म्हणाला, "नेम धरताना तरी एकच डोळा मिट हो." सगळे पोट धरून हसले, आईसुद्धा.

शेवटच्या रजेत तो आईचं शिलाई मशीन उघडून बसला होता. काहीतरी बोलला आणि स्वतःच खदखदून हसला. बापाने तेवढ्यात कॅमेऱ्याचं बटण दाबलं. डोळे अर्थात गच्च मिटलेले.

"असू दे, मला हाच हवाय," आई म्हणाली होती. रोलमध्ये अजून फोटो शिल्लक होते, म्हणून तो कॅमेऱ्यातच राहिला. मग लढाई सुरू झाली, आणि रोल संपायच्या आधी पोरगा संपला.

पेटी आली ती खिळे ठोकून. उघडू नका, असं बरोबरच्या साहेबाने हात जोडून सांगितलं. आईला तोंडसुद्धा दिसलं नाही. तिने नवऱ्याकडे एकच मागितलं, "मशीनजवळचा तो फोटो तेवढा द्या."

बापाने रोल धुतला. मोठेपणीचा धड असा तो एकच फोटो. पण घरी माणसांची रीघ लागली होती, पलटणीलाही भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मेलेल्या पोराचा डोळे मिटलेला फोटो लावायचा कसा? फोटोतले लोकांचे मिटलेले डोळे उघडण्यात बापाची हयात गेली होती. त्याने पातं आणि बारीक पेन्सिल घेतली आणि थेट निगेटिव्हवर काम सुरू केलं. आधी एक प्रत काढून ठेवावी, हे पोरगा गेलेल्या माणसाला सुचलं नाही. पोराचे डोळे बापावर गेलेत असं सगळे म्हणायचे, म्हणून त्याने आरसा समोर ठेवला.

आयुष्यात जमलं नव्हतं इतकं सुरेख काम झालं. "आता बोलेल असं वाटतं," शेजारी म्हणाले.

आई फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

"हे डोळे तुमचे आहेत," ती म्हणाली. "माझा मिचक्या कुठाय?"

पात्याने खरवडलेलं परत येत नाही, हे बापाला कुणी सांगायला नको होतं. तरी तो आत गेला, दुसरी प्रत काढली आणि ब्रशने ते डोळे मिटायला बसला. पापण्या ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. हसताना मिटलेले डोळे काही केल्या येईनात. शेवटी कागदावर एक तोंड आलं, शांत, डोळे मिटलेलं. पेटीतलं, त्यांना बघू न दिलेलं. त्याने कागद पालथा घातला आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला.

बाहेर आई मशीनपाशी बसली होती.

"नाही जमलं गं," तो म्हणाला.

"राहू द्या." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "इतके दिवस मी डोळे मिटले की तो हसताना दिसायचा. आता तुम्ही दिसता."