नाताळची ड्युटी

नाताळच्या दिवशी सुट्टी मिळावी म्हणून कासलबार या आयरिश गावच्या हॉस्पिटलात नर्सेसची ऑक्टोबरपासूनच मोर्चेबांधणी सुरू होते. मुलं लहान आहेत, आई थकली आहे, गेल्या वर्षी मीच केली होती, एक ना दोन. आमच्या शेजारच्या सिस्टर मात्र उलट भांडायच्या. त्यांना त्या दिवशी ड्युटीच हवी असायची, तीही सकाळची. कुणी चुकून सुट्टी लावलीच, तर त्या मॅनेजरच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. आणि गंमत म्हणजे अख्ख्या वॉर्डात त्यांच्याइतकी मनापासून देवाचं करणारी दुसरी बाई नव्हती.

सिस्टर मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या मराठी ख्रिस्ती. आमच्या घराला भिंत लागून त्यांचं घर. माझा नवरा त्याच हॉस्पिटलात डॉक्टर, मी घरात बसून सँडीफोर्डच्या एका कंपनीसाठी कोड लिहिणारी पुणेकरीण. त्यांचं आडनाव साळवे, पण सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्यांचे यजमान शमुवेलकाकासुद्धा. नवऱ्याने बायकोला सिस्टर म्हणून हाक मारावी याचं मला सुरुवातीला भारी हसू यायचं, पुढे सवय झाली.

डिसेंबर लागला की सिस्टर पदर खोचून फराळाला लागायच्या. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अनारसे, काही म्हणता काही सोडायच्या नाहीत. आमची दिवाळी होऊन महिना उलटलेला असायचा आणि यांच्या घरातून तळणीचा वास यायला लागायचा. पहिला डबा आमच्याकडे यायचा. माझी चकली खाऊन त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, तुमच्या पुण्याच्या चकल्या नुसत्या बघायला चांगल्या. कडबोळं बरं यापेक्षा." मी मनावर घेतलं नाही, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. बाकीचा सगळा फराळ वॉर्डात जायचा. घरात राहायच्या त्या काकांपुरत्या चार करंज्या.

त्यांच्यामुळे दरवर्षी कुणा ना कुणा आयरिश नर्सला नाताळ मुलांबरोबर घालवता यायचा. एकदा एक जण त्यांच्या गळ्यातच पडली. "यू आर अ सेंट, सो यू आर!" सिस्टरांनी तिला हलकेच बाजूला केलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे येऊन चहा पिताना म्हणाल्या, "संत म्हणती मला. हिला काय माहीत!" मी विचारलं, काय माहीत नाही? त्या दिवशी त्यांनी मला मलावीची हकिकत सांगितली.

लग्न झालं आणि वर्षाच्या आत दोघं आफ्रिकेत मलावीला गेली. तिथे तळ्याकाठी एक मिशन हॉस्पिटल होतं. सिस्टर प्रसूतीच्या वॉर्डात, काका लॅबमध्ये. रक्ताचा फ्रीज काकांच्या ताब्यात, त्याची किल्ली त्यांच्या खिशात. पहिला नाताळ आला. भर पावसाळा, चिखलाने रस्ते बंद, मैदा मिळेना, खोबरं मिळालं ते खवट. तरी सिस्टरांनी मक्याच्या पिठाचं काहीतरी करंजीसारखं तळलं होतं. "दगड झाले होते नुसते. पण हे म्हणले, झकास झाल्यात," असं सांगताना त्या तेवढ्यापुरत्या हसल्या.

सिस्टरांच्या गावच्या देवळात (चर्चला त्या देऊळच म्हणायच्या) एक रीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला नवं जोडपं पुढच्या बाकावर बसायचं. नवरीने लग्नातली पांढरी साडी पुन्हा नेसायची. उपासना संपत आली की पाळकसाहेब दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, आणि ती जितकी लांब तितका संसार सुखाचा. परमुलखात आपल्यामागे ना आई ना सासू, निदान एवढं तरी रीतसर व्हावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. काकांची ड्युटी होती. त्यांनी नाही-हो केलं, पण सिस्टरांनी हट्टाने त्यांना बाकावर आणून बसवलं. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांना त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "प्रार्थना मोठी करा हं."

पाळकांनी शब्द पाळला. प्रार्थना चालू असताना हॉस्पिटलचा हमाल काकांना शोधत आला होता. बाळंतपणात एक मुलगी खूप रक्त जाऊन पडली होती. पण नव्या जोडप्यावर आशीर्वाद चालू आहे, मध्ये कसं बोलायचं, म्हणून तो भला माणूस टोपी हातात घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला. आमेन झालं तेव्हा पुढे आला. ते धावत पोचले तोवर मुलगी गेली होती. "माझ्याच वयाची होती गं. तिचंबी लग्न त्याच साली झालेलं," सिस्टर म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.

तेव्हापासून नाताळच्या सकाळी त्या कधी देवळात बसल्या नाहीत. मलावीत नाही, नगरला परत आल्यावर नाही, इथे तर नाहीच. काका एकटेच चर्चला जायचे आणि तिथून आमच्याकडे जेवायला यायचे. इथे त्यांच्या डिग्रीला कुणी विचारलं नव्हतं. एका नर्सिंग होमच्या किचनमध्ये त्यांनी नोकरी काढली, पण त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांना कसं आहे विचारलं की कासलबारकरांसारखे "ग्रँड, ग्रँड" म्हणायचे. आमच्या पुलावाची तोंड भरून स्तुती करायचे आणि जाताना सिस्टरांसाठी ताट झाकून न्यायचे.

अशाच एका जेवणाच्या वेळी त्यांनी आपली बाजू सांगितली. "किल्ली माझ्या खिशात होती हे खरं. पण त्या मुलीला चालेल असं रक्त फ्रीजमध्ये नव्हतंच. मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. नातेवाइकांचं काढून जुळवेपर्यंत ती राहिली नसती. सिस्टरला हे हजारदा सांगितलं. तिला वाटतं मी समजूत काढतोय." मग पुलाव आणखी घेत म्हणाले, "जाऊ द्या. तिला तिथं बरं वाटतं ना, झालं." काकांना स्वतःला बरं वाटत नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं आणि सिस्टरांचा रागही आला. मी एकदा सिस्टरांकडे तो विषय काढायला गेले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत काकांना पोटाचा कॅन्सर निघाला, तोही सगळीकडे पसरलेला. त्या माणसाने इतक्या वर्षांत बायकोकडे पहिल्यांदाच काही मागितलं. माझ्या देखत म्हणाले, "सिस्टर, यंदा घरी राहा." सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी नाताळची रजा टाकली. मॅनेजरला वाटलं बाई थट्टा करतायत. मग काका कामाला लागले. घरात झाड आणवलं, आम्हाला जेवायचं आमंत्रण दिलं, सिस्टरांना पांढरी साडी घ्यायला लावली. चर्चमध्ये दोघांनी कुठल्या बाकावर बसायचं तेही ठरवून ठेवलं. अंगात त्राण नव्हतं, पण मी त्यांना एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ते गेले. कासलबारच्या कबरस्तानात त्यांना माती दिली तेव्हा पाऊस आडवा लागत होता.

आता सिस्टर नगरला भाचीकडे राहतात. फोन केला तर उचलतात, माझ्या लेकीची चौकशी करतात, बाकी फारसं बोलत नाहीत. इथल्या त्यांच्या शेवटच्या नाताळाला मी दुपारी ताट घेऊन गेले होते. रजा मंजूर झालेली होती, त्यामुळे त्या घरीच होत्या. फराळ केला नव्हता. नवी साडी घडीसकट खुर्चीवर होती. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"त्या रक्ताचं तुलाबी सांगितलं होतं ना ह्यांनी?"

"हो."

"काय म्हणले?"

मी काकांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले.

"मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणतेत. खरं आसंल का गं?"

"काका खोटं बोलल्याचं मला तरी आठवत नाही, सिस्टर."

त्यांनी मान हलवली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मग एवढे नाताळ मी त्यांना दुसऱ्याच्या घरी का जेवायला लावलं गं?"