मधोमध वजा

पिन आत बसली की काम झालं, असं तुम्हालाही वाटतं ना?

आमच्या वस्तीत पाण्यासाठी सभा होती. सुमनकाकू आयुष्यात पहिल्यांदा बोलणार होत्या. त्यांचा आवाज इतका हळू, की माइकशिवाय दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेला नसता. आणि ऐन वेळी ॲम्प्लिफायरचा अडॅप्टर जळाला. मग घरोघरच्या वायरींच्या पिशव्या बाहेर आल्या. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत आपण जुनी वायर टाकतच नाही. मी एक अडॅप्टर उचलला. त्याची पिन चपखल बसली. मी बटणाकडे हात नेला.

“थांब गं बये!” काकूंनी माझा हात धरला. “आमच्या ह्यांनी अशीच बसतेय म्हणून घुसवली आणि रेडिओ कायमचा मुका केला!”

मग नीट पाहिलं. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर बारीक चित्र होतं. बारा व्होल्ट, आणि पिनच्या मधल्या टोकाला वजाची खूण, म्हणजे मधोमध वजा. माझ्या हातातल्याचे व्होल्ट तेच, पण मधोमध अधिक, म्हणजे वीज उलटी गेली असती.

काकूंनाही आजवर सगळ्यांनी असंच सोयीच्या जागी बसवलं होतं, त्यांना काय हवं ते न विचारता. मला त्याची चीड येते. पण लढ्याला लागणारं बहुतेक सामान वस्तीतच असतं, ते जुळवून पाहायचा धीर हवा, हेही मी त्याच संध्याकाळी पाहिलं. शेजारच्या पिंकीच्या गाणी वाजवायच्या, बंद पडलेल्या कीबोर्डचा अडॅप्टर तंतोतंत जुळला. काकू बोलल्या, आणि शेवटच्या घरातली माणसंही दारात आली.

तेव्हा आजच घरातल्या प्रत्येक अडॅप्टरवर तो कशाचा आहे ते लिहा. ज्याचं यंत्र गेलं असेल, तो जवळच्या एखाद्या मंडळाला देऊन टाका. तिथे कुणीतरी बोलायला उभं असेल.