जनीच्या भाषणाला टाळ्या

जनीच्या लेकीचा, सविताचा फोन आला तेव्हा मी दुकानात ब्लाउजला हुक लावत बसले होते. "भाभी, माय गेली," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मागे बायांचा आकांत. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. महिना होत आला. अजून जव्हारच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतंच, "भाभी, तुमची ती भाषणवाली मैत्रीण दिसत नाही हल्ली?" भाषणवाली! अरे मेल्यांनो, तिला भाषण नव्हतं करायचं. तिला रस्ता हवा होता.

जनीचा पाडा वांगणीच्या पलीकडे, ओढा ओलांडून. थोडा भात, थोडी नागली, आणि कापणी झाली की नवऱ्याबरोबर ठाण्याकडे बांधकामावर. पहिल्यांदा दुकानात आली ती पदर दातांत धरून. काय शिवायचंय विचारलं तर बोटाने दाखवलं. मी मुळातच तापट. म्हटलं, "बाई, मी काय मनकवडी आहे? बोल की!" तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग हळूहळू कळलं... पाड्यातली एक पोर बाळंतपणाला नेताना ओढ्याकाठीच गेली होती. रस्त्याचं सांगायला जनी कचेरीत आली, टेबलापुढे उभी राहिली आणि एक शब्द न बोलता परत फिरली. "तठं गेल्यावर तोंडच उघडत नाय, भाभी." मी विचारलं, "आणि शेतात?" म्हणाली, "शेतात तं आख्खा डोंगर आयकतो."

त्या दिवसापासून दर बाजाराला आमची शाळा सुरू झाली. सासऱ्यांचा जुना चष्मा लावून मी साहेब व्हायचे. कागद चाळल्यासारखं करून म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात या." की ही लगेच पिशवी उचलून निघायची! "अगं, निघालीस काय? पुढच्या आठवड्यात कधी, कुणाला भेटू, असं विचार ना!" हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. पण शिकली. आधी नाव सांगायचं, मग पाडा, मग एकच गाऱ्हाणं. खूप सांगितली की साहेब त्यातलं सोपं तेवढं उचलतो, हे तिचं तिनेच शोधून काढलं. पुढे तिने पाड्यातल्या बायांना शिकवलं, तेही भाताची रोपं लावताना, आवणीच्या चिखलात. दोघींना समोरासमोरच्या बांधांवर उभं करायची आणि हाका मारत बोलायला लावायची. मग बोलत बोलत एकमेकींकडे यायचं. जवळ येताना आवाज उतरवायचा, पण मान खाली घालायची नाही. अगदी हाताच्या अंतरावर आल्या तरी बोलणं तसंच ठाम राहिलं पाहिजे. त्या बाया दवाखान्यात नेमकं कुठे दुखतंय ते सांगायला लागल्या, एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायला लागल्या. काय सांगू, किती अभिमान वाटायचा मला!

मग ती ग्रामसभेत बोलली. ओढ्यावर मोरी हवी, छोटा पूलच म्हणा, आणि डांबरी रस्त्यापर्यंत गाडीवाट हवी, बस. टाळ्यांचा कडकडाट झाला. आलेले साहेब म्हणाले, "काय सुंदर बोलता हो तुम्ही!" त्यांनी तिला तालुक्याच्या कार्यक्रमात बोलावलं. मग जामसरला, मग मोखाड्याला. जनी सगळीकडे तेच बोलली, मोरी आणि गाडीवाट. सगळीकडे टाळ्या. एकदा दुकानात आली ती थकून गेलेली. "भाभी, आज तं उभं राहून वाजवल्या." मी म्हटलं, "आणि रस्त्याचं काय म्हणाले?" ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "आणखी एके ठिकाणी बोलाल का, म्हणाले."

यंदा पाऊस लागून राहिला होता. जनीच्या पोटात कळ उठली, थांबेना. बांबूला झोळी बांधून माणसं निघाली, तर ओढा दुथडी भरलेला. ॲम्ब्युलन्स पलीकडे डांबरी रस्त्यावर उभी होती, दिसत होती म्हणे. जनी शुद्धीवर होती. उचलणाऱ्यांनाच समजावत होती, घाई करू नका, कुणी वाहून जाईल... पाणी उतरलं तोवर ती बोलायची थांबली होती.

शोकसभा मोठी झाली. तेच साहेब बोलले आणि छान बोलले. रस्ता हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. माझं डोकं असं तापलं! उठून बोलायला हवं होतं कुणीतरी. जनीने शिकवलेल्या सगळ्या बाया मागे ओळीने बसल्या होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही.

परवा जनीची लेक सविता दुकानात आली. तिला म्हटलं, "आता तू उभी राहा, पोरी. तुझ्या मायनं शिकवलंय तुला." ती म्हणाली, "काय सांगू, भाभी? रस्ता नाय म्हणून माय मेली, ह्येच ना? त्यालाबी टाळ्याच वाजवतील." मग तिने पिशवीतून शाली काढल्या. ठिकठिकाणच्या सत्कारात जनीला मिळालेल्या, काहींची घडीही न मोडलेली. "ह्यांची दुपटी शिवून द्या. बाळाला व्हतील." तेव्हा कुठे माझं तिच्या पोटाकडे लक्ष गेलं. मी विचारलं, "कधीचे दिवस आहेत गं?"

"भादव्यातले," ती म्हणाली.

भादव्यात ओढा भरलेलाच असतो.